मदत हवी आहे: अनोळखी शहरातला भाग सुरक्षित आहे का, हे कसं ठरवता?

नमस्कार मंडळी. मी लवकरच एकटी एका अनोळखी शहरात जाणार आहे, पोहोचेपर्यंत रात्र होईल. दर १ लाख लोकसंख्येमागचे गुन्ह्यांचे आकडे पाहिले, पण ते अख्ख्या शहराचे. गुन्हे मात्र बहुतेकदा मोजक्याच रस्त्यांवर एकवटलेले असतात. शिवाय स्टेशन, बाजार अशा भागांत राहणारे कमी, येणारे-जाणारे जास्त, म्हणून तिथला दर फुगलेला दिसतो. नकाशावरचे रस्त्यांचे फोटो पाहावेत तर तेही दिवसाउजेडीचे! हॉटेलपर्यंतच्या त्या शेवटच्या गल्लीत रात्री ११ नंतर दिवे आणि वर्दळ असते का, एवढंच मला कळायला हवं. हॉटेलवाल्यांना फोनवर नेमकं काय विचारता? एकट्या फिरणाऱ्या बायकांच्या अभिप्रायांत काय शोधता? कृपया सांगा, खूप काळजी वाटतेय.