शेततळ्यातले रोहू-कटला वाढत नाहीत: खाद्य किती द्यावं, टायमरचं फीडर लावावं का?

धुऱ्यावरून (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. शेततळं ३०×३०×३ मीटर, ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं. ऑगस्टअखेर रोहू, कटला, मृगळ मिळून २,५०० बोटुकली (बोटभर लांबीचं बीज) सोडली. आता फेब्रुवारीत पाणी सव्वादोन मीटर आहे. सरकी ढेप आणि तांदळाचा कोंडा मिळून रोज ८ किलो सकाळी ६ वाजता काठावरून फेकतो. फेकजाळ्यात आलेल्या माशांचं सरासरी वजन १३५ ग्रॅम भरलं. कटल्याचं डोकं मोठं आणि अंग वाळलेलं दिसतं. पाणी गर्द हिरवं. पहाटे बरेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, ऊन चढलं की खाली जातात. शिवाय बोटभर चिलापी (तिलापिया मासा) दिसायला लागली आहे. ती सोडलेली नाही, नाल्यावरून मोटरीने पाणी भरलं तेव्हा आली असावी.

अमेरिकेतले लोक खासगी तळ्यात ब्लूगिल नावाचा मासा पाळतात, त्याचे व्हिडिओ पाहिले. टायमर लावलेला डबा ठरल्या वेळी दाणे उडवतो आणि मासे तुटून पडतात. तसं फीडर आणि तरंगतं खाद्य सुरू केलं तर जूनअखेर मासा अर्धा किलोचा होईल का? एप्रिलपासून याच तळ्याचं पाणी भाजीपाल्याला द्यावं लागतं.

---

बोडीकाठ (साकोली, जि. भंडारा)

दादा, फीडर नंतर बघू, आधी मासे मोजा. तळ्याचा उतार दीडास एक धरला तर सव्वादोन मीटर पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम ७७० चौरस मीटर भरतो. हवा खेळवणारं यंत्र (एरेटर) नसलेल्या तळ्यात हेक्टरी ८ ते १० हजार बोटुकली सोडतात, म्हणजे तुमच्याकडे ६०० ते ७७०. तुम्ही तिप्पट-चौपट सोडली. ढेप कितीही ओता, मासा अंगाने भरणार नाही.

कारण खाद्याला पोटाची मर्यादा नंतर येते, पाण्याची आधी येते. खाल्लेलं पचवायला माशाला प्राणवायू लागतो, न खाल्लेलं कुजायलाही लागतो. एरेटर नसेल तर हेक्टरी दिवसाला ३०-३५ किलोच्या वर खाद्य पाण्याला झेपत नाही. तुमच्या पृष्ठभागाला हे अडीच किलोच्या आसपास येतं आणि तुम्ही ८ टाकता. उरलेलं तळाशी कुजतं, त्यावर शेवाळ फोफावतं, ते रात्रभर प्राणवायू ओढतं आणि पहाटे मासे वर येतात. गर्द हिरवं पाणी आणि पहाटेची उघडझाप ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत.

अर्ध्या किलोचा हिशोब असा. रोज अडीच किलो चांगलं तरंगतं खाद्य, १२० दिवस, म्हणजे ३०० किलो. एक किलो मासा वाढायला १.७ किलो खाद्य धरा, तर साधारण १७५ किलो वाढ मिळेल. ही वाढ ७०० माशांत वाटली तर प्रत्येकी २५० ग्रॅम, म्हणजे जूनअखेर पावणेचारशेचा मासा. ५०० ठेवले तर प्रत्येकी ३५० ग्रॅम, म्हणजे जवळपास अर्धा किलो. २,५०० ठेवले तर प्रत्येकी ७० ग्रॅम. तेही मासे उन्हाळ्यात तगले तर, आणि ते तगणार नाहीत.

तेव्हा ५०० ते ६०० ठेवा, बाकी आत्ताच काढा. १३५ ग्रॅमचा मासा बाजारात मातीमोल जातो, पण बीज म्हणून त्याला चांगली किंमत आहे. दाटीत खुंटलेली वर्षभराची बोटुकली मोकळ्या पाण्यात सोडली की झपाट्याने वाढते. आंध्रातले तळेवाले मुद्दाम असं बीज तयार करून घेतात. जवळपास बारमाही पाण्याचा तलाव असेल तर तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. काढायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. ओढजाळं सकाळी ऊन आल्यावर पण गारव्यात ओढा आणि एकाच दिवशी सारखं ओढू नका, तळचा गाळ ढवळला की मासे तिथंच मरतात. पकडलेले मासे रात्रभर हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत, उपाशी ठेवा, मगच गाडीत भरा. पोट भरलेला मासा टाकीतलं पाणी घाण करतो आणि वाटेत मरतो. १,००० लिटरची टाकी आणि ऑक्सिजनचं सिलिंडर असेल तर ६०-७० किलो सुखरूप जातो.

आता ब्लूगिल. तो उत्तर अमेरिकेचा मासा, हाताच्या पंजाएवढा, किडे टिपून खाणारा. पाणी तापलं की काठाजवळ उथळात खोलगट घरटी करतो आणि एका हंगामात अनेकदा अंडी घालतो. त्यामुळे तिकडच्या तळेवाल्यांची खरी कटकट वेगळीच असते: पिल्लांचा बुजबुजाट होऊन सगळेच खुरटतात. म्हणून ते सोबत लार्जमाउथ बास हा शिकारी मासा ठेवतात. बासने पिल्लं खाल्ली की उरलेली मोठी होतात, फीडर त्यानंतरचं. आपले रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वीतच नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी किंवा संप्रेरकाचं इंजेक्शन लागतं. तुम्ही सोडले तेवढेच राहणार, संख्या पूर्ण तुमच्या हातात. तुमच्या तळ्यात पिल्लांचा बुजबुजाट करणारं ब्लूगिल म्हणजे ती चिलापी.

ब्लूगिल आणायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर सोडा. सरकारी परवानगीशिवाय परदेशी मासा आणता येत नाही. जपानमध्ये १९६० साली तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी शिकागोहून भेट मिळालेले ब्लूगिल आणले. ते बिवा सरोवरापर्यंत पसरले आणि देशी माशांच्या मुळावर आले. २००७ मध्ये सम्राटांनी त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला.

---

कोंडा_ढेप (तुमसर)

संख्येचं वरती आलंच आहे, मी खाद्यापुरतं लिहितो.

टरफलासकट सरकी ढेप माशाला फारशी मानवत नाही. तंतू जास्त, आणि सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य वाढीला मारक. ढोरांना चालतं, कारण त्यांचं पोट वेगळं. शेंगदाणा ढेप आणि बारीक, ताजा धानाचा कोंडा निम्मा-निम्मा घ्या. १० किलोमागे १०० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ५० ग्रॅम मीठ. ढेप चार तास भिजवून कोंड्यात मळा. बुरशीचा वास येणारी ढेप फुकट मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष माशाचं यकृत खराब करतं. कोंडा महिन्याच्या वर साठवला तर खवट होतो.

फेकून देणं आजपासून बंद, खाद्य पोत्यात भरून पाण्यात टांगा. सिमेंटचं रिकामं पोतं नको, त्यात सिमेंटची पूड मुरलेली असते. खाद्याच्या प्लास्टिक पोत्याला तळाकडे दोन ओळी भोकं पाडा आणि ते पाण्यात अर्धं बुडेल असं टांगा. आंध्रात बांबू रोवून टांगतात, पण तुमच्याकडे प्लास्टिक आहे, बांबू रोवलात तर अस्तर फाटेल. या काठावरून त्या काठावर नायलॉनची दोरी ताणा आणि तिला पोती बांधा. मासे भोकांना तोंड लावून ओढून खातात. दोन तासांनी पोतं उचलून पाहा. शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी.

तरंगत्या दाण्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, हा त्याचा मोठा फायदा. या वजनाला २८ टक्के प्रथिनांचे ३ मिलिमीटरचे दाणे घ्या. वाऱ्याने दाणे कोपऱ्यात जाऊन सडतात, म्हणून एक इंची पीव्हीसी पाइपची दीड-दोन मीटर बाजूची बंद चौकट करून पाण्यावर ठेवा आणि दाणे त्या चौकटीतच टाका. २० मिनिटांत संपतील तेवढेच टाका.

प्रमाण: रोज ५० ते २०० ग्रॅमच्या माशाला वजनाच्या ३ टक्के, २०० ते ५०० ला २ ते अडीच, पुढे दीड. दर १५ दिवसांनी २५-३० मासे एकत्र तोलून सरासरी काढा आणि प्रमाण बदला. पण पाण्याची अडीच किलोची मर्यादा या टक्केवारीच्या वर. हिशोबात ४ किलो आले म्हणून एरेटरशिवाय ४ टाकायचे नाहीत.

वेळ सकाळी ६ ची नको. त्या वेळी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. ९ च्या सुमारास एक आणि दुपारी ४ च्या आत दुसरी वेळ. डिसेंबर-जानेवारीत पाणी १८ अंशांखाली गेलं की निम्मं करा, १५ खाली पूर्ण बंद. मे महिन्यात पाणी ३३-३४ च्या वर गेलं तर फक्त सकाळची वेळ ठेवा. आभाळ असेल त्या दिवशी खाद्यच नाही, मासा एक दिवस उपाशी राहून मरत नाही.

टायमरचं फीडर तुमच्या कामाचं नाही. त्यात फक्त कोरडे, एकसारखे दाणे चालतात. ढेप-कोंडा फिरकीत चिकटतो. आणि यंत्राला आभाळ दिसत नाही, ते ढगाळ दिवशीही दाणे उडवतच राहतं.

कटल्याचं डोकं मोठं दिसतं ते त्याची उपासमार होते म्हणून. तो दाणे टिपणारा नाही, पाण्यातलं प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) कल्ल्यांच्या चाळणीने गाळून खातो. तेही प्राणीप्लवंग. गर्द हिरवं पाणी म्हणजे नुसतं शेवाळ, त्यात त्याचं भागत नाही. वरचा खाद्याचा मारा थांबला की पाणी हळूहळू उतरेल. हात कोपरापर्यंत बुडवा: तळवा अंधुक दिसला तर ठीक, मनगटाच्या आतच दिसेनासा झाला तर शेण-खत बंद, अगदी स्वच्छ दिसला तर आठवड्याला २० किलो ताजं शेण पोत्यात घालून टांगा. प्लास्टिकमुळे मातीतलं काही पाण्यात उतरत नाही, त्यामुळे अस्तराच्या तळ्यात हे अधूनमधून करावंच लागतं. सध्या मात्र अजिबात नको.

---

धुऱ्यावरून

दोघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या. चिलापीचं काय करू? मरळ (शिकारी मासा) सोडली तर तिला खाईल का? आणि पहाटे मासे वर आले तर तेव्हाच्या तेव्हा काय करायचं? आमच्याकडे शेतीची लाइन आठवड्याआड रात्रीची असते.

---

राजेहो_मासोळी (अकोट)

भाऊ, मरळीच्या भानगडीत आत्ता पडू नका. ते चिलापी खाते हे खरं, पण पह्यल्या पावसात वल्ल्या काठावरून सरपटत दुसऱ्याच्या वावरात जाते आन् तुमचे पैसे जातात. सोडायचीच असन तं काठाभोवती दोन फूट उंच जाळी लावा आन् ३०-४० च सोडा, तेही बाकी मासे १०० ग्रॅमच्या वर असतानाच. चिलापी दोन-तीन महिन्यांत अंड्यावर येते, मादी अंडी तोंडात धरून फिरते, म्हून जाळ्यानं सगळी कधीच निघत नाही. पण दर आठवड्याला बारीक आसाचं (छिद्राचं) जाळं ओढून जमन तेवढी काढत राहा. चिलापी फेकू नका, कोंबड्याले घाला.

मुळापासून काढायची ते मासे विकल्यावर. पाणी उपसून तळाशी उरलं तेवढ्यात मोहाची ढेप टाका, घनमीटरमागे पाव किलो. १०० घनमीटर उरलं तं २५ किलो. रात्रभर भिजवून सगळीकडे शिंपडा. तिच्यातल्या सॅपोनिननं मासे मरतात आन् पंधरा-वीस दिवसांनी विष उतरते, मग त्याचंच खत होते. त्याच्या आधी बीज सोडलं तं तेही मरन. आन् पुढच्या खेपेले मोटरीच्या पाइपाच्या तोंडाले बारीक नायलॉन जाळीची लांब थैली बांधा, पाणी गाळूनच तळ्यात पडू द्या. काहून की आज कितीही साफ केलं तरी नाल्याची चिलापी पुन्हा येनारच.

---

बोडीकाठ

मरळीबद्दल वरच्या भाऊंशी सहमत. पहाटेचं सांगतो.

मासे वर आले की तळ्यातलंच पाणी उचलून तळ्यातच उंचावरून फवारायचं. ३ एचपीचा पंप, पाइपाच्या टोकाला भोकं पाडलेला आडवा पाइप, पाणी जितकं फुटून पडेल तितकं चांगलं. सक्शन तळाला ठेवू नका, वरच्या मीटरभर पाण्यात ठेवा. तळचं पाणी मेलेलं, म्हणजे प्राणवायू नसलेलं असतं, ते वर आणलं तर दुखणं वाढतं. विहीर-बोअरचं पाणी सोडाल तेही फवारूनच, कारण बोअरच्या पाण्यात प्राणवायू फारसा नसतो. रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात पहाटे २ ते ६ पंप चालवा. दिवसाची लाइन असेल त्या आठवड्याला डिझेल पंप हाताशी हवा. एक एचपीचा एरेटर तुमच्या तळ्याला पुरून उरतो, पण रात्री वीज नसेल तर तो शोभेला.

उन्हाळ्याचं पाणी हा खरा पेच आहे. तळं उतरतं असल्याने खोली निम्मी झाली की पाणी निम्म्याहून कमी उरतं. ३ मीटरला सुमारे १,९७० घनमीटर, दीड मीटरला ८१० च्या आसपास, एक मीटरला ५०० च. मे महिन्यात नुसत्या वाफेने रोज सेंटिमीटरभर पाणी जातं, भाजीपाल्याचं वेगळं. काठाच्या प्लास्टिकवर दीड मीटरची खूण रंगवा आणि त्याखाली मोटर लावू नका. खुणेला पाणी टेकलं की थांबून न राहता मोठे मासे विकायला काढा, ३०० ग्रॅमचे असले तरी.

फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका आणि औषधाच्या पाण्यासाठी तळ्यात बादली बुडवू नका. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेत मारतात. तळं पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात असेल तर पहिल्या पावसाचं वाहून येणारं पाणी आत घेऊ नका.

आणि जाळं ओढायला माणसं उतरतील तेव्हा ओल्या प्लास्टिकवरून कुणालाच वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर खुंट्याला बांधून पाण्यात सोडून ठेवा, एकट्याने उतरू नका, तळ्याला कुंपण नसेल तर आधी ते करा.