एव्हरग्लेड्समध्ये दोघांनी बोटीवरून मुक्काम

जानेवारीत तुम्ही दोघंच फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात मासे गरवायला जाणार, फ्लेमिंगो या ठिकाणाहून बोट घेऊन निघणार आणि चिकी नावाच्या मचाणावर राहणार, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून फार आनंद झाला! त्या पोस्टखाली आतापर्यंत सगळी चर्चा गळाला लावायच्या आमिषांची झाली, म्हणून आधी पिण्याच्या पाण्याचं सांगतो. तिथलं पाणी खारं नाहीतर मचूळ. माणशी रोज निदान 4 लिटर गोडं पाणी बरोबर न्या, तेही टणक कॅनमध्ये. किनाऱ्यावर मुक्काम केलात तर रॅकून पातळ बाटल्या फोडतात.

चिकी म्हणजे पाण्यात खांबांवर उभं केलेलं, छप्पर असलेलं लाकडी मचाण. फळ्यांत खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा आपला आपण उभा राहणारा तंबू हवा. शेकोटीला बंदी, गॅसची शेगडी चालते.

आता गरवायचं. ओहोटी लागली की कांदळवनातल्या चिंचोळ्या खाड्यांतून बारीक मासळी बाहेर वाहते आणि स्नूक हा शिकारी मासा नेमका खाडीच्या तोंडाशी, मुळांच्या सावलीत टपून असतो. कोकणातल्या खाडीवर गरवलेल्यांना ही जागा लगेच ओळखू येईल. जानेवारीत स्नूक ठेवायला मात्र बंदी असते, हात ओले करून अलगद सोडा. जेवणासाठी मॅनग्रोव्ह स्नॅपर बघा, आपल्या तांबोशीचाच भाऊबंद. मापात बसला तर ठेवा. मासेमारीचा परवाना आणि मुक्कामाचा परवाना वेगवेगळे, दोन्ही काढा.