एका वेळी एकच माणूस: बीबीएस, टेक्स्ट गेम आणि आपले उसासे

गुहावासी (धागालेखक)

परवा धाकटीने विचारलं, "बाबा, इंटरनेट नव्हतं तर तुम्ही रात्रभर कॉम्प्युटरवर करत काय होतात?" म्हटलं, बीबीएस. तिला ते एखाद्या सहकारी बँकेचं नाव वाटलं. म्हणून हा धागा.

१९८८ साली मी ओहायोत शिकत होतो. खोलीत सेकंडहँड पीसी आणि १२०० बॉडचा मोडेम. बुलेटिन बोर्ड सिस्टीम म्हणजे कुणाच्या तरी घरात रात्रंदिवस चालू ठेवलेला कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली फोनची लाइन. आपण मोडेमने तिथे फोन लावायचा. लागला तर आत, कुणी आधीच असेल तर एंगेज. एका लाइनवर एका वेळी एकच माणूस. प्रकार सुरू झाला शिकागोत. जानेवारी १९७८ च्या हिमवादळात घरी अडकलेला वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि त्याचा मित्र रँडी स्यूस. एकाने प्रोग्राम लिहिला, दुसऱ्याने यंत्र जुळवलं आणि १६ फेब्रुवारीला बोर्ड सुरू. हौशी मंडळात सूचना टाचायचा फळा असतो ना, तोच फोनवर.

मला दिवसाला ४५ मिनिटं मिळायची. त्यामुळे आधी सगळं वाचून फोन ठेवायचा, वहीत उत्तर लिहायचं, खाडाखोड करायची आणि मग पुन्हा नंबर लावायचा. १२०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण १२० अक्षरं. स्क्रीन भरायला पंधरा-सोळा सेकंद. कधी रात्री दोनला बोर्डाचा मालक (सिसॉप म्हणायचे त्याला) त्याच्या घरच्या कीबोर्डवरून मध्येच शिरायचा आणि मी वाचत असलेल्या मजकुराखाली त्याचं टायपिंग उमटू लागायचं. तो चुकायचा, मागे जाऊन खोडायचा, थांबायचा. माणूस विचार करताना दिसायचा हो! आता नुसती तीन टिंबं नाचतात.

माझं म्हणणं: वेळ मोजका होता म्हणून लोक जपून लिहायचे, आणि वाचायचेही. टेक्स्ट गेमचं तेच. 'ॲडव्हेंचर' हा त्यातला आदिपुरुष. चित्र एकही नाही. तुम्ही रस्त्याच्या टोकाला विटांच्या छोट्या घरासमोर उभे आहात, भोवती रान आहे, एवढं सांगून तो गप्प बसायचा. मग तुम्ही दोन शब्दांत हुकूम द्यायचा: दिवा घे. त्या गुहेचे मी काढलेले नकाशे अजून माळ्यावर आहेत.

असहमतांचं स्वागत आहे. (येणारच आहात.)

मीटरचालू

आलो.

गुहावासीराव, लोक जपून लिहायचे त्याचं श्रेय शब्दांना देऊ नका, फोनच्या बिलाला द्या. अमेरिकेत लोकल कॉल बहुतेक ठिकाणी महिन्याच्या भाड्यातच बसायचे, कितीही वेळ बोला. लांबचा कॉल मात्र चटका देणारा. म्हणून तुमच्या बोर्डावर बहुतेक सगळे त्याच गावातले, रविवारी पिझ्झा खायला भेटणारे. ज्याच्याशी रविवारी समोरासमोर बसायचंय त्याला शनिवारी रात्री कुणी शिव्या घालत नाही. आमच्या चाळीतही हेच होतं, मोडेमशिवाय.

फिडोनेट आठवा. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने बोर्ड एकमेकांना जोडायची युक्ती काढली ती कशी? रात्री दर उतरले की यंत्रं आपापसांत फोन लावून दिवसभराचं टपाल पोचतं करायची. अख्खं जाळंच बिल वाचवण्यासाठी विणलेलं.

आता आमची बाजू. मी नाशिकला, १९९३. बोर्ड मुंबईत. म्हणजे एसटीडी (परगावचा कॉल), म्हणजे रात्री अकरानंतर पाव दर लागला की सुरू. पहिलं बिल आल्यावर वडिलांनी फोनच्या डायलला कुलूप घातलं. मोडेमला डायल लागत नाही हे त्यांना दुसरं बिल येईपर्यंत कळलं नाही. पुढचं सांगत नाही. तेव्हा तुमचा तो सुवर्णकाळ ज्यांचं मीटर पडत नव्हतं त्यांचा होता.

निशिगंध

मीटरचालूंना +१, आणि एक भर. "माणूस विचार करताना दिसायचा" हे छान आहे. बाई दिसली की काय व्हायचं?

१९९६-९७, पुणे, लेडीज हॉस्टेल. १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं होतं आणि विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल अकाउंट: काळा पडदा, नुसती अक्षरं, चित्रं नाहीत. त्यातून टेलनेट करून (म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला नेटवरून जोडून घेऊन) आम्ही मडवर जायचो. मड म्हणजे अनेकांनी एकाच वेळी खेळायचा टेक्स्ट गेम; पहिला १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टलने केला. मी 'कावेरी' नावाने गेले. पाच मिनिटांत चार अनोळखी योद्धे "कुठली? वय काय?" करत मागे लागले. एक तर तलवार फुकट द्यायला निघाला. दुसऱ्या दिवशी 'दगडू' होऊन गेले. कुणी ढुंकून पाहिलं नाही, सुखाने तीन राक्षस मारले. शब्दांच्या जगात सगळे सारखे असतात म्हणे. सगळे दगडू असतील तर असतात.

पण 'ॲडव्हेंचर'ला कुणी नावं ठेवायची नाहीत. ती माझी जागा आहे.

मीटरचालू

ठेवतो की! तो खेळ म्हणजे क्रियापद ओळखा स्पर्धा. बरोबर वस्तू हातात, बरोबर जागी उभे, पण त्याच्या मनातला शब्द सापडेना म्हणून अर्धा तास वाया. आणि तो ड्रॅगन! गालिच्यावर पसरलाय. कुऱ्हाड फेका, काही होत नाही. 'ड्रॅगन मार' म्हटलं की खेळ विचारतो, "कशाने? रिकाम्या हातांनी?" आपण समजतो की टोमणा मारतोय. उत्तर काय, तर 'हो'. मग ड्रॅगन मेला, अभिनंदन! याला कोडं म्हणतात? हा पोरकट पाचकळपणा आहे.

गुहावासी

निशिगंध, दगडूचं वाचून हसलो आणि मग हसायला नको होतं असं वाटलं. आमच्या बोर्डावर दोन बायका होत्या असं मी आजवर सांगत आलो. किती 'दगडू' होते कुणास ठाऊक. मीटरचालू, लोकल कॉलचा मुद्दा मान्य. मला तो तेव्हा दिसलाच नाही, कारण पैसे लागतच नव्हते.

ड्रॅगनबाबत मात्र ठाम असहमत. मी तीन आठवडे अडकलो होतो. एका रात्री वैतागून 'हो' टाइप केलं. तेव्हा एकटाच खोलीत ओरडलो, शेजारचा कोरियन मुलगा धावत आला. ती मजा तुम्ही उत्तर आधीच ऐकलं असेल तर नाही मिळायची.

निशिगंध

मीटरचालू, आता नीट ऐका. ते नुसतं कुणाच्या डोक्यातलं भुयार नाही. खेळाचा मूळ लेखक विल क्रॉथर बोस्टनजवळच्या बीबीएन कंपनीत आर्पानेटच्या (इंटरनेटच्या पूर्वजाच्या) यंत्रांचे प्रोग्राम लिहायचा आणि सुट्टीत केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये शिरायचा. नवराबायको दोघंही पट्टीचे गुहावाले. गुहेच्या मोजमापावरून नकाशेही कॉम्प्युटरवर काढायचे. १९७२ मध्ये फ्लिंट रिजची गुहा मॅमथला आतून जोडलेली आहे हे ज्या तुकडीने शोधलं तीत पॅट क्रॉथर होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुलींना खेळता यावं म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने ही गुहा फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत उतरवली. सिमेंटात बसवलेली ती लोखंडी जाळी, 'वाय टू' नावाचं ते ठिकाण, हे तिथे खरोखर आहे. २००७ मध्ये डेनिस जर्झ या अभ्यासकाने मूळ प्रोग्राम आणि प्रत्यक्ष गुहा ताडून पाहिली, वर्णनं जुळतात. गुहावासी, तुमचे नकाशे जमले याचं कारण हे. कल्पनेपेक्षा त्यात टेपने मोजलेले फूट जास्त आहेत.

ड्रॅगन वगैरे चमत्कार बरेचसे १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने घातले. त्याला मूळ लेखक सापडेना, तर त्याने नेटवर्कवरच्या एकूण एक यंत्रावर 'क्रॉथर' या नावाने पत्र टाकलं! तेव्हा एवढीच यंत्रं होती की हे जमून गेलं.

आणि दुसरा चक्रव्यूह आठवतो? एका खोलीत "वळणदार छोट्या वाटांचा चक्रव्यूह", पुढच्या खोलीत "छोट्या वळणदार वाटांचा चक्रव्यूह". शब्द तेच, क्रम वेगळा, म्हणून खोली वेगळी. वाचलं नाही तर मेलात. एवढं बारीक मला कुठल्या मराठीच्या बाईंनीही वाचायला लावलं नाही.

वेलांटी

माझं वय २३, त्यामुळे आधी दंडवत. पण प्रश्न आहे. तुम्ही सगळे हळहळताय, खेळतंय कोण? टेक्स्ट गेम मेलेले नाहीत. १९९५ पासून दरवर्षी त्यांची स्पर्धा होते, ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतात. टेलनेटने बीबीएसही अजून लागतात आणि कधी एंगेज नसतात. काका, तुम्ही शेवटचं कधी लॉगिन केलंत?

गुहावासी

१९९१.

मीटरचालू

हाहा. धागा इथेच संपला खरं तर.

वेलांटी

नाही, थांबा. मी मराठीत एक करतेय, गडावरचा. अडचण वेगळीच आहे. जुना 'ॲडव्हेंचर' शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघायचा आणि इंग्रजीत ते चालून जायचं, कारण लॅम्प हा लॅम्पच राहतो. आपल्याकडे 'दिवा घे' सोपं, पण 'दिव्यात तेल घाल' म्हटलं की दिवा गायब. घोडा, घोड्यावर. पाणी, पाण्यात. सामान्यरूपांनी वेड लावलंय. आणि लोक 'घे' म्हणतील, 'उचल' म्हणतील, आजोबा 'घ्या' म्हणतील. कच्ची प्रत व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवलीय तिघांना. बघा.

निशिगंध

पाठव पाठव. मी दगडू नावाने खेळणार.

गुहावासी

सुरू केला. दिंडीतून आत आलो, उजवीकडे पाण्याचं टाकं. 'टाक्यात उतर' म्हटलं. खेळ म्हणाला, "इथे टाक्या दिसत नाहीत."

वेलांटी

अरे देवा. टाकी आणि टाकं. नोंदवलं.

मीटरचालू

मी 'खाली जा' म्हटलं. कड्यावरून पडून मेलो. दोनदा. तिसऱ्यांदा बघतो, माळ्यावरून कुणी नकाशे काढत असेल तर गडाचाही काढा म्हणावं.