मेळाव्यातून परतताना डोकं भरलेलं, सोमवारी पुन्हा रिकामं. तुम्ही काय करता?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. मी ग्राफिक डिझायनर आहे, सहा वर्षं झाली. त्यातली शेवटची तीन घरूनच काम. मुखपृष्ठं, पॅकेजिंग, अधूनमधून एखादा लोगो. कामाला तोटा नाही, पण हल्ली नवी फाइल उघडली की हात आपसूक जुन्याच जागी जातो. तोच टाइप, तीच ग्रिड, डावीकडे तेवढीच मोकळी जागा. म्हणून वर्षभरापूर्वी ठरवलं की घराबाहेर पडायचं. तेव्हापासून डिझाइनची व्याख्यानं, चित्रकारांचे मेळावे, टायपोग्राफीवरची सत्रं असे नऊ कार्यक्रम झाले.

तिथे असताना मी खरोखर भारावून जाते. परतीच्या वाटेवर वही भरून लिहिते. आणि सोमवारी वही उघडली की 'साधेपणाला धाडस लागतं' असं काहीतरी माझ्याच अक्षरात दिसतं. ते ऐकताना अंगावर काटा का आला होता, ते काही केल्या आठवत नाही.

दुसरी अडचण म्हणजे मी बुजरी आहे. मध्यंतरात सगळे घोळके करून बोलत असतात आणि मी एका कडेला उभी असते. नऊ कार्यक्रमांत मिळून तीन माणसांशी बोलले असेन.

तर विचारायचं असं की, ही प्रेरणा कुणाची टिकते का? टिकत असेल तर तुम्ही नेमकं काय करता?

---

पहिली_वेलांटी

तुमच्या वहीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. माझ्याकडेही अशा दोन वह्या आहेत, वाक्यांनी भरलेल्या. त्यातलं एकही वाक्य माझ्या कामात उतरलं नाही. जे उतरलं ते एका वेलांटीमुळे.

मी देवनागरी अक्षरं आखतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या सत्राला गेलो होतो, खोलीत फार तर चाळीस माणसं. बोलणाऱ्या बाई पाऊण तास फक्त पहिल्या वेलांटीवर बोलल्या. पडद्यावर त्यांनी 'कि' दाखवला. वेलांटीचा दंड अक्षराच्या डावीकडे, पण तिची कमान वरून वळून येते ती थेट अक्षराच्या उभ्या दंडापर्यंत. मग 'क्ति' दाखवला. तीच वेलांटी, त्याच रुंदीची. जोडाक्षर रुंद झालेलं, त्यामुळे कमान मध्येच, अर्ध्या 'क'च्या डोक्यावर संपलेली. 'त'च्या दंडापर्यंत पोचलीच नव्हती. मग त्यांनी एकेक करून वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या त्यावर ठेवल्या. ही अजून तोकडी, ही जरा पुढे गेली, आणि ही बसली. ती बसली तेव्हा खोलीतल्या लोकांच्या तोंडून 'हां' असा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

त्या रात्री घरी येऊन मी माझा अर्धवट फाँट उघडला आणि 'व्यक्तिचित्र' टाइप केलं. वेलांटी तोकडी होती. मी वर्षभर ते अक्षर रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं. झोपण्याआधी दोन नव्या रुंदी आखून ठेवल्या, पुढच्या महिन्याभरात त्यांच्या सहा झाल्या.

तेव्हापासून मी व्याख्यानात वाक्यं टिपत नाही. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू टिपतो, शक्यतो चितारतोच. कोपऱ्याची गोलाई, शाईचा थर, दोन ओळींतलं अंतर, काहीही. वाक्य कितीही चांगलं असलं तरी ते बोलणाऱ्याच्या वीस वर्षांच्या अनुभवावर उभं असतं, ते आपल्या वहीत आलं की खालचा आधार सुटतो. वस्तूचं तसं होत नाही, ती दुसऱ्या दिवशीही तीच असते.

आणि त्याच रात्री अर्धा तास तरी हात चालवायचा, हे मी फार कसोशीनं पाळतो. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यांत वेगानं होतं, पुढे त्याचा वेग मंदावतो. सोमवारची वाट पाहिलीत तर जे जायचं ते रविवारीच गेलेलं असतं.

एक प्रश्नही सांगून ठेवतो, कोणत्याही वक्त्याला विचारा: 'यात तुम्ही टाकून काय दिलं?' 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते' या प्रश्नाला सगळे तयार उत्तर देतात. टाकून दिलेल्याबद्दल विचारलं की माणूस क्षणभर थांबतो, लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधायला लागतो, आणि खरं व्याख्यान तिथून सुरू होतं.

---

सतरंजीवाला

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस. दर महिन्याला एक छोटा मेळावा भरवतो, सात वर्षं झाली.

बुजरेपणाचं आधी सांगतो. अर्धा तास लवकर या आणि खुर्च्या मांडायला हात लावा. हे मनापासून सांगतोय. माझ्या मेळाव्यातले आजचे सगळ्यांत बोलके लोक पहिल्यांदा असेच आले होते. हातात काम असलं की ओळख करून घ्यावी लागत नाही, ती होते. 'ही वायर पुरेल का?' एवढ्यावर सुरू झालेली मैत्री मी पाहिली आहे. मध्यंतरात ओळख काढणं हे तर बोलक्या माणसालाही जड जातं.

आता भारावण्याबद्दल. सगळे कार्यक्रम सारखे नसतात हो. एकदा एका नावाजलेल्या स्टुडिओचे वक्ते आले. पन्नास मिनिटं, एकाहून एक देखणी कामं, टाळ्यांचा कडकडाट. ते लगेच निघून गेले आणि दहा मिनिटांत हॉल रिकामा. कुणाला कुणाशी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्याच महिन्यात एक बाइंडर आले. त्यांनी बोलण्याआधी प्रत्येकाच्या हातात सोळा पानांचा एक सुटा फर्मा, सुई आणि मेण लावलेला दोरा दिला. ते सांगत गेले, लोक शिवत गेले. कुणाचा दोरा सैल, कुणी इतका ओढला की कागद फाटला. शेजारचा शेजारच्याला दाखवतोय. दीड तास उलटला तरी कुणी उठेना. त्या दिवशी आलेल्यांपैकी दोघी आता स्वतःच्या वह्या स्वतः बांधतात.

म्हणून कार्यक्रम निवडताना वक्ता केवढा मोठा आहे हे पाहू नका, आपल्याला तिथे काय करायला मिळणार आहे ते पाहा.

वेळेची मर्यादाही मोलाची असते. अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डिथम या आर्किटेक्ट जोडीनं २००३ मध्ये टोकियोत पेचाकुचा हा सादरीकरणाचा प्रकार सुरू केला. २० चित्रं, प्रत्येकाला २० सेकंद, चित्र आपोआप पुढे सरकतं. एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. आम्ही हा साचा वर्षातून दोनदा वापरतो, आणि मी वक्त्यांना एवढीच अट घालतो की वीसपैकी निदान पाच चित्रं फसलेल्या किंवा अपुऱ्या कामाची हवीत. प्रेक्षकांचे प्रश्न हटकून त्या पाचांवर येतात.

आणि कुणाला स्वतःच काही सुरू करावंसं वाटत असेल तर पहिल्या वेळी माणसं कमी आली म्हणून खचू नका. टेडची पहिली परिषद १९८४ ला झाली, ती तोट्यात गेली, आणि दुसरी व्हायला १९९० साल उजाडलं.

---

उघडी_फाइल

मी अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करते. वरच्या दोघांशी सहमत, पण माझ्या मते मुद्दा व्याख्यानाचा नाहीच, पुन्हा पुन्हा भेटण्याचा आहे.

होमब्रू कम्प्युटर क्लब या हौशी संगणकप्रेमींच्या गटाची गोष्ट मला यासाठी फार जवळची वाटते. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एका गॅरेजमध्ये त्यांची पहिली बैठक झाली. पुढे अ‍ॅपल कंपनीचा सहसंस्थापक झालेला स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक तिथे होता. त्याला पेटवलं ते कुणाच्या भाषणानं नव्हे. तिथे वाटलेल्या कागदांत एका मायक्रोप्रोसेसरची तांत्रिक माहिती होती, ती त्यानं घरी नेऊन वाचली आणि त्यातून जे आखायला घेतलं त्याचा पुढे अ‍ॅपल १ हा संगणक झाला. तो अतिशय लाजाळू होता, बैठकीत हात वर करून बोलत नसे. केलेलं काम घेऊन जायचा आणि टेबलावर मांडायचा. लोक आपण होऊन भोवती जमायचे. क्लब दर दोन आठवड्यांनी भरायचा, म्हणजे पुढच्या वेळी दाखवायला काहीतरी हवं, ही ओढ कायम.

कोरा_कागद, तुम्ही नऊ ठिकाणी एकेकदा गेलात. एकाच ठिकाणी नऊ वेळा गेला असतात तर? तिसऱ्या वेळेपासून माणसं ओळखायला लागतात, पाचव्या वेळी 'त्या मुखपृष्ठाचं पुढे काय झालं?' असं विचारतात. मला तरी कुठल्याही थोर विचारापेक्षा त्या एका प्रश्नानं जास्त काम करायला लावलंय.

---

बोथट_पेन्सिल

छोटीशी भर. व्याख्यानं झेपत नसतील तर एकत्र चित्र काढणाऱ्यांत जा. अर्बन स्केचर्सचे गट जगभर आहेत, २००७ मध्ये गाब्रिएल कांपानारिओ या चित्रकार-पत्रकारानं सुरुवात केली. दोन तास कुणी बोललं नाही तरी चालतं. शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी उघड्या ठेवतात. एकच झाड पंधरा वह्यांत पंधरा तऱ्हेचं. मी पाहिलं की एकानं पानं काढलीच नव्हती, नुसतं पानांमधलं आकाश रंगवलं होतं आणि झाड आपोआप उभं राहिलं होतं. मी चार महिने तेच करून पाहतेय.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, आणि काल एका सत्राला जाऊन आले, म्हणून लगेच लिहितेय.

चाळीस मिनिटं आधी पोचले. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पण प्रोजेक्टरचा पडदा तिरका होता. तो सरळ करताना एका इलस्ट्रेटरशी बोलणं झालं. ती खालून 'अजून जरा डावीकडे' म्हणत होती आणि मी स्टुलावर. कार्यक्रमभर आम्ही शेजारी बसलो.

वक्ते सिरॅमिकचं काम करणारे. मी 'टाकून काय दिलं?' विचारलं. त्यांनी पिशवीतून एक तडकलेली वाटी काढली आणि माझ्या हातात दिली. बाहेरून जाड, तळाशी एकदम पातळ. जाडी जिथे अचानक बदलते तिथे माती एका वेगानं सुकत नाही आणि बरोबर तिथेच तडा जातो, असं त्यांनी बोट फिरवून दाखवलं. वहीत या वेळी एकच गोष्ट आहे, त्या वाटीचा उभा छेद.

रात्री माझं चालू मुखपृष्ठ उघडलं. शीर्षक फार जाड आणि त्याला चिकटूनच लेखकाचं नाव अगदी बारीक. नजर दर वेळी तिथेच अडखळत होती, मला फक्त कारण सापडत नव्हतं. दोघांच्या मध्ये जाडीची एक पायरी घालून पाहिली. अजून जमलेलं नाही, पण हात जुन्या जागेवरून हलला आहे.

इलस्ट्रेटर आणि मी दर दुसऱ्या गुरुवारी भेटायचं ठरवलंय. पहिल्या भेटीला याच मुखपृष्ठाच्या टाकून दिलेल्या सात आवृत्त्या नेणार आहे.

पहिली_वेलांटी, एक राहिलं. शीर्षकात 'शक्ति' आहे, आणि त्यातली वेलांटी तोकडी आहे. फाँट बदलू की ती एक कमान मी हातानं आखली तर चालेल?