नर्सिंगचं शिक्षण, अर्धवेळ नोकरी आणि घर: तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना दुसऱ्या वर्षाची फार्माकॉलॉजीची वही सापडली. सलाईनच्या थेंबांचं गणित असलेल्या पानावर लेकीने निळ्या खडूने घर काढलंय. १००० मिली, ८ तास, एका मिलीला २० थेंब पाडणारा सेट, म्हणून मिनिटाला ४२ थेंब. उत्तरावरून धुराची रेघ गेलीये. तेव्हा ती चार वर्षांची होती. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी ५ ते ९ एका लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट द्यायचं काम. मी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. हे घर काढलं त्या रात्री माझी वही पांघरुणात घेऊन झोपली होती. दुसऱ्या दिवशी वही दाखवायची होती म्हणून सकाळी तिच्यावर रागावले मी. आज ते पान बघून पोटात कालवाकालव झाली. तुम्ही कसं निभावलंत? लिहा ना.

* * *

मी नोकरीची रात्रपाळी करून थेट पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणाला. एकदा बीपी घेताना कानात स्टेथो आणि डोळे मिटलेले. इन्चार्ज सिस्टरनी बाजूला घेतलं, म्हणाल्या, "झोप झाली नसेल तर सांग, पण औषधांच्या ट्रॉलीला हात लावू नकोस." ओरडल्या नाहीत. त्यानंतर आठवड्याला दोनच रात्री घेतल्या. पैशांची ओढाताण झाली, पण पेशंटच्या जिवाशी खेळ नको.

* * *

थेंबांचं गणित!! मायक्रो सेटला (बारीक थेंबांचा सेट) ६० थेंबांचा एक मिली, म्हणून तासाचे जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे मला परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं.

* * *

माझे बाबा पक्षाघाताने अंथरुणाला होते. दर दोन तासांनी कूस बदलायची हे वॉर्डात शिकलो आणि त्याच रात्री घरी गजर लावले. १२ पर्यंत आई, पुढे मी. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. बाबांना बोलता यायचं नाही, पण उशी सरकली की माझ्याकडे बघायचे. शनिवार-रविवार डेटा एंट्री करायचो. अभ्यास कधी केला आठवत नाही, पण बेडसोरवरचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांवरचा प्रश्न आला तेव्हा पुरवणी मागून घेतली.

* * *

दादा, वाचून डोळे भरले. बाबा आता कसे आहेत?

* * *

गेले. अंगावर एकही जखम नव्हती.

* * *

मी नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून भांडी घासताना ऐकायचे. मुलगा तिथेच खेळायचा, त्याला मेंदूतून निघणाऱ्या नसांची, क्रेनियल नर्व्हची, बाराच्या बारा नावं क्रमाने पाठ झाली. आता तो इंजिनिअरिंगला आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणतो.

* * *

मी आत्ता पहिल्या वर्षाला. बाळ ८ महिन्यांचं, संध्याकाळी चार तास कॉल सेंटर. सासूबाई सांभाळतात. पण दुपारी वॉर्डात दूध दाटून ॲप्रन भिजतो आणि काढायला जागा नाही. सोडून द्यावंसं वाटतंय.

* * *

अगं, सोडू नकोस. इन्चार्जना सरळ विचार, मला लेबर रूमशेजारची खोली पंधरा मिनिटं मिळायची. काढलेलं दूध बाहेर चार तास राहतं, फ्रिजमध्ये चार दिवस. आणि रोस्टर (वॉर्डातल्या ड्युटीचं वेळापत्रक) लागला की त्याच दिवशी नोकरीच्या ठिकाणी फोटो पाठव. आदल्या दिवशी सांगितलं की पाळी बदलून मिळत नाही.

* * *

मी सोडलं होतं, तिसऱ्या वर्षाला. आई आजारी, नोकरी सोडणं शक्य नव्हतं. क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे तास कमी भरले आणि परीक्षेला बसू दिलं नाही. अजून पांढरा युनिफॉर्म दिसला की मान वळते. पण आईचं शेवटपर्यंत मीच केलं, त्याचं समाधान आहे.

* * *

ताई, त्या वहीच्या पानाचा फोटो टाका ना.

* * *

टाकते रात्री. लेकीला दाखवलं, म्हणाली घराला दारच नाहीये. खडू शोधतेय.

* * *

विचारलं सिस्टरना! ड्रेसिंग रूम दीड वाजता रिकामी असते म्हणाल्या. बाळ उठलं, नंतर लिहिते.