मदत हवी आहे: इन्स्टॉलर टाइम झोन सिंगापूर धरतो, वेळ हाताने बदलली तर अपडेट अडतात

टिकटिक
लिनक्स इन्स्टॉल करताना नकाशाच्या पानावर सिंगापूर आधीच निवडलेलं येतं. झोन हवा एशिया/कोलकाता. त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच. इन्स्टॉलनंतर घड्याळ 2 तास 30 मिनिटं पुढे होतं, म्हणून सेटिंग्जमधून ऑटोमॅटिक टाइम बंद केला आणि वेळ हाताने लावली. पडद्यावरची वेळ आता बरोबर दिसते, पण तीन नव्या अडचणी आल्या:

ॲप्ट (पॅकेज मॅनेजर) ला अपडेट दिलं की 'रिलीज फाइल अजून वैध नाही, आणखी 1 तास 12 मिनिटं अवैध' असा एरर येतो.
टू-फॅक्टर लॉगिनसाठी या लॅपटॉपवरचं ॲप जो सहा आकडी कोड देतं, तो कुठेच चालत नाही.
याच मशिनवर विंडोज 11 आहे. ते सुरू केलं की वेळ नेमकी 8 तास मागे.

राउटरवर व्हीपीएन आहे. बायोसची बॅटरी नवी आहे. काय बघू?

शेलमधला शंख
'टाइमडेटसीटीएल' चालवून जे येईल ते सगळं इथे टाका. आणि घड्याळाला आता हात लावू नका. (धाग्यात कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्ये टाइप करा.)

टिकटिक
लोकल टाइम: 10:00, +08
युनिव्हर्सल टाइम: 02:00
आरटीसी टाइम: 02:00
टाइम झोन: एशिया/सिंगापूर
सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड: नो
एनटीपी सर्व्हिस: इनॅक्टिव्ह
आरटीसी इन लोकल टीझेड: नो

शेलमधला शंख
यात सगळं आलं. तुमच्याकडे सकाळचे दहा वाजलेत म्हणजे यूटीसी (वरचा 'युनिव्हर्सल टाइम', जगभराची प्रमाण वेळ) 04:30 हवा. मशिन सांगतंय 02:00. म्हणजे झोन अजून चुकलेलाच आहे आणि वर यूटीसीही अडीच तास मागे गेलाय.

लिनक्सच्या पोटात फक्त यूटीसी असतो. झोन हा दाखवण्यापुरता हिशोब. इन्स्टॉलरने चुकवला होता तो हा हिशोब, मूळ घड्याळ बरोबर चाललं होतं. सिंगापूर +8:00, तुमचा झोन +5:30, फरक अडीच तास. तुम्ही काटे अडीच तास मागे घेतले तेव्हा पडदा बरोबर झाला आणि खालचा यूटीसी बिघडला. रिपॉझिटरीची (पॅकेजच्या साठ्याची) रिलीज फाइल यूटीसीप्रमाणे सही झालेली असते, त्यामुळे तुमच्या मशिनला ती भविष्यातली वाटते. सहा आकडी कोड तर 30 सेकंदांच्या खिडकीवर चालतो, अडीच तासांचा फरक तो कुठून खपवून घेणार! ब्राउझरमध्ये एखादी साइट 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' म्हणाली तरी कारण हेच समजा.

विंडोजचे 8 तास म्हणजे दोन वेगळे घोळ एकावर एक. विंडोज हार्डवेअर क्लॉक (आरटीसी) स्थानिक वेळेत आहे असं गृहीत धरतं, लिनक्स त्यात यूटीसी लिहितं. त्याचे 5:30. त्यात तुमचे 2:30 मिळवा. बॅटरीचा संबंध नाही. ती गेली की तारीखच काही वर्षं मागे जाते, असा नेमका तासांचा फरक पडत नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा, आधी झोन:

टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

हे दिल्यावर घड्याळ 07:30 दाखवेल. आणखी बिघडल्यासारखं वाटेल, पण काटे फिरवू नका. लगेच एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारी सेवा, सुरू करा:

टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

काही सेकंदांत यूटीसी 04:30 च्या आसपास यायला हवा आणि 'सिंक्रोनाइझ्ड' समोर 'येस'. क्रोनी (वेळ जुळवणारा एक प्रोग्रॅम) वापरणारी डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) असेल आणि फरक तसाच राहिला तर 'क्रोनीसी मेकस्टेप' द्या. नाहीतर ते घड्याळ हळूहळू सरकवत बसतं, आणि अडीच तास सरकवणं म्हणजे चिक्कार वेळ. मग 'एचडब्ल्यूक्लॉक --सिस्टोएचसी' ने बरोबर वेळ आरटीसीत लिहून टाका. एनटीपी जुळलेलं असताना कर्नल (लिनक्सचा गाभा) दर 11 मिनिटांनी हे स्वतःच करतो, पण लगेच रीबूट करून विंडोजमध्ये जाणार असाल तर हातानेच करा.

दुहेरी बूट
विंडोजचं मी सांगतो. दोन रस्ते आहेत. लिनक्सला 'सेट-लोकल-आरटीसी 1' देऊन विंडोजसारखी आरटीसीत स्थानिक वेळ ठेवायला लावता येतं, पण टाइमडेटसीटीएल स्वतःच त्यावर इशारा देतं. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या झोनमध्ये तर दोन्ही ओएस आपापला तास बदलून बसतात. त्यापेक्षा विंडोजला यूटीसी शिकवा. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एचकेएलएम → सिस्टिम → करंटकंट्रोलसेट → कंट्रोल → टाइमझोनइन्फर्मेशन इथे 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड व्हॅल्यू बनवून 1 करा आणि रीस्टार्ट करा. त्यानंतर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यू32टीएम /रिसिंक'.

लिनक्स आरटीसी कशी वाचतं ते /ईटीसी/ॲडजटाइम च्या तिसऱ्या ओळीत असतं, यूटीसी किंवा लोकल. ती फाइलच नसेल तर यूटीसी धरलं जातं. घाबरू नका.

विंडोजमध्ये झोनही एकदा बघा. 'टीझेडयूटिल /जी' चालू झोन सांगतं, '/एल' यादी देतं, '/एस' ने बदलता येतो. तिथली नावं वेगळी, 'इंडिया स्टँडर्ड टाइम' अशी. सेटिंग्जमधला 'सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली' हा पर्याय लोकेशन सेवेवर अवलंबून आहे. लोकेशन बंद असेल तर तो फिका पडतो.

टिकटिक
दोन्ही घड्याळं जुळली, ॲप्ट चाललं, कोडही चालतोय. धन्यवाद! पण सिंगापूर आलं कुठून? अजून दोन मशिनवर इन्स्टॉल करायचं आहे.

नकाशावाचक
राउटरवरच्या व्हीपीएनमधून. इन्स्टॉलर तुमचं ठिकाण ओळखत नाही, तो एका सर्व्हरला विचारतो की ही विनंती ज्या आयपीवरून आली तो आयपी कुठला. व्हीपीएन तुमचं ट्रॅफिक जिथून बाहेर सोडतो, त्या टोकाचं उत्तर येतं. व्हीपीएन नसतानाही हे होतं. आयपीचे गट एका संस्थेकडून दुसरीकडे विकले जातात आणि डेटाबेसमध्ये जुनाच पत्ता राहतो. मोबाइल आणि सॅटेलाइट जोडण्यांमध्ये ट्रॅफिक भलत्याच शहरातून बाहेर पडतं. एकाच झोनच्या देशात याने काही बिघडत नाही, सीमेपाशी किंवा अनेक झोनच्या देशात हमखास बिघडतं.

चुकीचं शहर कोणतं आलं यावरून बरंच कळतं. कॅलामारेस हा इन्स्टॉलर वापरणाऱ्या डिस्ट्रोंमध्ये न्यूयॉर्क आलं तर बहुधा शोध लागलाच नाही, कारण त्याच्या मूळ कॉन्फिगमध्ये तोच डीफॉल्ट आहे. तुमच्यासारखं दुसरंच शहर आलं तर शोध लागला आणि उत्तर चुकलं. हा शोध इन्स्टॉलर उघडताना होतो, त्यामुळे नकाशाच्या पानावर पोहोचून व्हीपीएन बंद करण्यात अर्थ नाही. इन्स्टॉलर बंद करून पुन्हा उघडा. किंवा सरळ नकाशावर बोट ठेवून झोन निवडा. फेडोराच्या ॲनाकोंडा इन्स्टॉलरला बूट ओळीत 'इन्स्ट.जिओलॉक=0' दिलं की तो विचारतच नाही.

दोन मशिन असतील तर उत्तरफाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) करून टाका. किकस्टार्टमध्ये 'टाइमझोन एशिया/कोलकाता --यूटीसी', डेबियनच्या प्रीसीडमध्ये 'टाइम/झोन', उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये 'टाइमझोन'. या शेवटच्याला 'जिओआयपी' (आयपीवरून झोन ओळखा) हीसुद्धा एक व्हॅल्यू चालते. कुणाची तरी तयार फाइल उचलली असेल तर ती ओळ नक्की तपासा.

शेलमधला शंख
यात भर. काही इन्स्टॉलर त्या ठिकाणावरूनच तारीख, चलन, कागदाचा आकार यांचे लोकेल (प्रदेशानुसारच्या सेटिंग्ज) ठरवतात आणि पॅकेजचा मिररही (पॅकेज जिथून उतरतात तो सर्व्हर). झोन नंतर बदलला तरी हे मागे राहतं. 'लोकेल' कमांड चालवा. एलसी_टाइम, एलसी_पेपर, एलसी_मॉनेटरी यांच्यापुढे सिंगापूरचा कोड दिसला तर /ईटीसी/डीफॉल्ट/लोकेल मध्ये बदला आणि लॉगआउट करून परत या. मिररसाठी ॲप्टची सोर्स यादी बघा.

रात्रपाळी
'ईटीसी/जीएमटी+5' असा झोन कुणी सुचवला तर घेऊ नका. त्या नावांत चिन्ह उलटं असतं: +5 म्हणजे यूटीसीच्या 5 तास मागे. शिवाय अर्ध्या तासाचे झोन त्यात नाहीतच. आयएसटी, सीएसटी असली संक्षिप्त नावंही नकोत, एकेक नाव दोन-तीन देशांत चालतं. खंड/शहर हेच रूप वापरा.

आणि झोनची फाइल /ईटीसी/लोकलटाइम वर कॉपी करून ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतोय. तिथे सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) हवी, म्हणजे एखाद्या देशाने नियम बदलले की टीझेडडेटा या झोन-नियमांच्या पॅकेजच्या अपडेटबरोबर तुमच्याकडेही बदलतात. कॉपी तशीच शिळी पडून राहते.

टिकटिक
लोकेलमध्ये खरंच सिंगापूर निघालं, बदललं. आता एकच राहिलं: ग्नोम डेस्कटॉपमध्ये 'ऑटोमॅटिक टाइम झोन' चालू ठेवू का? आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या लॉगमध्ये वेळ अजून +08 येतेय. रीबूट झालंय.

नकाशावाचक
एकाच जागी राहणाऱ्या मशिनवर बंदच ठेवा. तो जिओक्लू या ठिकाण शोधणाऱ्या सेवेकडून ठिकाण घेतो. आसपासच्या वायफायवरून ठिकाण सांगणारी मोझिलाची सेवा 2024 मध्ये बंद झाली. जिओक्लूला दुसरी सेवा जोडलेली नसेल तर गाडी पुन्हा आयपीवर, म्हणजे तुमच्या बाबतीत सिंगापूरला.

शेलमधला शंख
पोस्टग्रेसचं रीबूटने जाणार नाही. इनिटडीबी (डेटाबेस पहिल्यांदा तयार करणारी कमांड) चालतं तेव्हाचा सिस्टिमचा झोन पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ मध्ये लिहिला जातो, 'टाइमझोन' आणि 'लॉग_टाइमझोन' अशा दोन ओळी. दोन्ही बदला आणि रीलोड करा. 'टाइमस्टँपटीझेड' प्रकारचे कॉलम आत यूटीसीत असतात, झोन चुकला म्हणून त्यांना धक्का लागत नाही. साध्या 'टाइमस्टँप' कॉलममध्ये 'नाउ' ने भरलेल्या नोंदी मात्र तपासाव्या लागतील. तुम्ही घड्याळ मागे घेण्याआधीच्या, आणि घड्याळ जुळल्यापासून या दोन ओळी बदलेपर्यंतच्या, नोंदी अडीच तास पुढच्या असतील. घड्याळ मागे असतानाच्या साध्या कॉलममधल्या नोंदी योगायोगाने बरोबर दिसतील, आणि त्याच काळातल्या टीझेडवाल्या नोंदी अडीच तास मागे निघतील. सरसकट एकच अपडेट चालवू नका, हे टप्पे वेगळे काढा. हाताने वेळ बदलली तो क्षण 'जर्नलसीटीएल' (सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड) मध्ये सापडेल.