दुकान गावात नाही, शेअर घरात आहे: डीमार्टचे तुमचे अनुभव लिहा

परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुना सहकारी शिक्षक भेटला. केळ्यांचा भाव करता करता त्याने मध्येच विचारलं, "सर, तुमचे डीमार्टचे अजून आहेत?" तिथेच अर्धा तास उभे राहून बोललो. आमच्यासारखे गोव्यात पुष्कळ असणार, म्हणून हा धागा.

ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स, म्हणजे डीमार्ट. हिचा शेअर ज्यांनी घेतला, विकला किंवा घेता घेता राहिला, त्यांनी लिहावं. काय बघून घेतला, पुढे काय झालं. दुसऱ्या सुपरमार्केट कंपनीचा अनुभव असेल तर तोही चालेल. उद्या भाव कुठे जाईल ते मात्र इथे नको.

सुरुवात माझ्यापासून. मार्च २०१७चा आयपीओ, म्हणजे कंपनीने शेअर पहिल्यांदा लोकांना विकले तो. भाव २९५ ते २९९, लॉट, म्हणजे एका अर्जाला कमीत कमी घ्यायचा गठ्ठा, ५० शेअरांचा, म्हणजे १४,९५० रुपये. एक अर्ज माझा, एक बायकोचा. मागणी शंभरपटीहून जास्त आली, त्यामुळे आशा सोडली होती. सोडतीत बायकोला लॉट लागला, मला नाही. २१ मार्चला शेअर बाजारात नोंदणी झाली तेव्हा पहिलाच भाव सहाशेच्या घरात. मी म्हटलं अर्धे विकू, मुद्दल सुटेल. ती म्हणाली, "अर्ज माझा, शेअर माझे." शेवटी २५ विकले, २५ ठेवले.

ऑक्टोबर २०२१मध्ये भाव ५,९००च्या आसपास गेला तेव्हा त्या २५ शेअरांचे जवळपास दीड लाख होत होते. मार्च २०२५मध्ये तोच भाव साडेतीन हजारांच्या खाली होता. वर होता तेव्हा विकायला हवे होते का, हा विषय घरात अजून निघतो. ती म्हणते, पैसे लागतच नव्हते, मग विकून काय केलं असतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काय बघून घेतला? कंपनीचे संस्थापक राधाकिशन दमाणींची सबुरी बघून. पवईला २००२ साली पहिलं दुकान, आणि पंधरा वर्षांनी लोकांकडे पैसे मागायला आले तेव्हा दुकानं सव्वाशेच्या आसपास. इतक्या सावकाश वाढणाऱ्या माणसाकडे पैसे ठेवायला भीती वाटली नाही.

डिचोलीहून, पसरकार

सर, आमचा पसरो, म्हणजे किराणा दुकान, वडिलांनी चालू केलेला. ज्या कंपनीमुळे आमच्यासारख्यांना कुलूप लागेल म्हणतात, तिचेच शेअर मी घेतले म्हणून घरात बोलणी खाल्ली. पण का घेतले ते सांगतो.

बहीण कोल्हापूरला दिलेली. तिच्याकडे गेलो की डीमार्टला जायचंच. बाकीचे ट्रॉली भरतात, मी फळ्या बघतो. पहिल्या खेपेला तूरडाळ आणि तेलाचा भाव वाचून मला राग आला. घाऊक व्यापारी मला ज्या भावाने देतो, त्याच्याही खाली! रात्री बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून हिशोब मांडला. मी माल उधारीवर उचलतो, आणि व्यापारी ती उधारी भावात धरतो. ही कंपनी पुरवठादाराचे पैसे आठवडा-दहा दिवसांत चुकते करते आणि त्याच्या बदल्यात भाव पाडून घेते. बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, म्हणजे दर वर्षी भाडं वाढायचं भय नाही. सजावटीवर खर्च नाही. गिऱ्हाईक येतं डाळीसाठी, आणि जाताना ट्रॉलीत बादली असते, चादर असते, मुलाचा टीशर्ट असतो. कमाई त्यात. डाळ-तेलात किती सुटतं ते मला कुणी सांगायला नको.

घेतले ते २०२०च्या टाळेबंदीत, एप्रिलमध्ये, दोन हजारांच्या वर. दहाच शेअर. त्याच्या दोन महिने आधी कंपनीने मोठ्या संस्थांना २,०४९ रुपयांनी शेअर विकून चार हजार कोटींवर रक्कम उभी केली होती. प्रवर्तकांचा, म्हणजे मूळ मालकांचा, वाटा ७५ टक्क्यांवर आणायचा नियम होता, त्यासाठी. मोठ्यांनी ज्या भावाने घेतला त्याच्या आसपास मलाही मिळतोय, एवढा विचार पुरे झाला.

आता वार्षिक अहवाल आला की मी आधी त्या बादलीचा आकडा शोधतो. कपडे आणि घरसामान कोविडच्या आधी विक्रीत २७ टक्क्यांच्या आसपास होतं, नंतर २२-२३वर आलं. दुकानं मार्च २०१७ला १३१ होती, मार्च २०२५ला ४१५ झाली, वर्षाची विक्री ५७ हजार कोटींच्या वर गेली. सगळं खरं. पण लोक नुसती डाळ घेऊन परतायला लागले तर तेवढ्याच गर्दीत गल्ला हलका होतो. हे मी रोज संध्याकाळी माझ्या गल्ल्यात बघतो.

फोंड्याहून

आमची थोडी कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, आहेत. बाबा सुपारी बागायतदारांच्या सहकारी संस्थेला घालतात आणि महिन्याचं सामान संस्थेच्याच बाजारातून आणतात. ते संस्थेचे सभासद. त्यामुळे मी डीमार्टचे घेतले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "दर वर्षी देते काय ती?"

मी म्हटलं काही नाही. नोंदणीपासून २०२५पर्यंत एकदाही लाभांश नाही, बोनस म्हणून फुकट शेअर नाही, एका शेअरचे अनेक करणारी विभागणी नाही. मिळालेला नफा नवीन दुकानांत जातो. बाबांना हे पटेना. सहकारी संस्थेत भागाची किंमत आहे तेवढीच राहते, पण सभेला उठून प्रश्न विचारता येतो, एक सभासद एक मत, आणि आपली सुपारी घेणारं कुणी आहे हा आधार असतो. मी वीस शेअरांची मालकीण, माझ्या मताला तिथे काय वजन? मला दोन्ही हवंसं वाटतं. संस्थेचा भाग बाबांनी माझ्या नावे करायचं ठरवलं आहे आणि मी डीमार्टचे ठेवले आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असं मला वाटत नाही.

पर्वरीहून

मी सगळ्यात वरच्या भावाला घेणाऱ्यांपैकी. ऑक्टोबर २०२१, ५,४००ला सहा शेअर. पहिली नोकरी, ऑफिसात सगळे घेत होते, मोबाइलवर दोन मिनिटांत झालं. भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या २०० पटींहून जास्त आहे हे तेव्हा दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता.

नंतर कळला. २०२०-२१ला कंपनीचा नफा सुमारे १,१०० कोटी होता, २०२४-२५ला २,७०० कोटी. अडीचपट! कंपनीने तिचं काम चोख केलं होतं, तरी माझे पैसे उण्यात, कारण पुढच्या कित्येक वर्षांची वाढ मी आधीच किमतीत मोजून दिली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये तिमाही निकालांनंतर शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला, आणि घरपोच ॲपमुळे मोठ्या शहरांतल्या दुकानांना झळ बसतेय हे कंपनीनेच सांगितलं. मला नवल वाटलं नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये संध्याकाळी पिशव्या घेऊन आलेली मुलं भेटतातच. दूध, अंडी, कोथिंबीर. मीही मागवते. पण महिन्याचं वाणसामान भरताना माझी आई अजून चार ठिकाणचे भाव बघते. म्हणून विकले नाहीत, आणि ३,५००च्या आसपास आणखी चार घेतले.

पेडण्याहून

आम्हाला लॉट लागला, पहिल्याच दिवशी सगळे विकले. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. नंतर भाव कुठे गेला ते लोक ऐकवतात. फी वेळेवर भरली, मुलगी आज नोकरीला आहे.

वास्कोहून

डीमार्ट नाही, दुसऱ्या एका साखळीचं सांगतो. नाव लिहीत नाही. रविवारी तिच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, ते बघून मी निवृत्तीच्या पैशांतले ८० हजार घातले. जागा भाड्याच्या होत्या, आणि डोक्यावर कर्ज केवढं होतं ते मी पाहिलंच नाही. व्याज थकलं, दुकानं गेली, शेवटी शेअरची खरेदी-विक्रीच थांबली. शेअरांच्या डीमॅट खात्यात तो आकडा अजून दिसतो. बायकोला सहा महिने सांगितलं नव्हतं, ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं. आता गर्दी बघण्याआधी ताळेबंदातलं कर्ज बघतो. डीमार्टकडे ते तेव्हा नावापुरतं होतं, एवढ्याच कारणासाठी तिचे पंधरा घेतले.

मडगावहून, करसल्लागार

सर, तुमच्या घरातल्या "शेअर माझे" वरून आठवलं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक. आयकर कायदाही तेच धरतो: पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या विवरणात निम्मं-निम्मं, शेअरचा नफासुद्धा. २३ जुलै २०२४पासून वर्षावर ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि १.२५ लाखांपर्यंत सूट. ती सूट दोघांना वेगवेगळी मिळते. बाहेरच्या सॉफ्टवेअरवर विवरण भरणारे गोंयकार हे सर्रास विसरतात.

आणखी एक. नॉमिनी लावला म्हणजे वारसा ठरला असं नाही. वडील गेल्यावर भावंडांत शेअरांवरून इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा कोर्टातला दावा, चाललेली मी पाहिली आहे. कागद जिवंतपणीच नीट करा.

काणकोणहून

डीमार्ट गोव्यात येईल का, यावर कुणी बोललंच नाही.

डिचोलीहून, पसरकार

मी बोलतो. ती स्वतःच्या जागेवर दुकान बांधते, आणि एका भागात जवळ जवळ दुकानं काढत जाते. आपल्याकडे मोठी, रस्त्यालगतची, बिगरशेती रूपांतर झालेली जागा सोन्याच्या भावाने. भातशेती तर २०२३च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही, आणि तो कायदा मला मान्य आहे. शिवाय २०११च्या जनगणनेत सगळा गोवा साडेचौदा लाखांचा. तिला घाई नसावी.

आली तर माझ्या पसऱ्याचं काय, हा विचार रोज येतो. माझ्याकडे उधारीची वही आहे. गणेश चवथीला गिऱ्हाईक यादी देऊन जातं आणि मी घरी पोचवतो. तेवढ्यावर किती टिकेन, सांगता येत नाही. पसरो चालवणार आणि शेअरही ठेवणार.

म्हापशाहून, धागाकर्ता

पसरकारबाब, बहिणीकडे पुन्हा कधी निघताय? मला तुमच्याबरोबर त्या फळ्यांसमोर उभं राहून एकदा बघायचं आहे. बायकोही येते म्हणाली. शेअर तिचे आहेत.

डिचोलीहून, पसरकार

दिवाळी झाली की पहिल्या शनिवारी. पहाटे पाचला निघू, आंबोलीने. बाईंना सांगा, मोठी पिशवी घ्या.